उणे सातवरचं भूत

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन झालं, बुंदी वाटून झाली, आणि नववी 'ब'च्या वर्गात स्मार्ट बोर्डाचं उद्घाटनही झालं. माझ्या वर्गात! मला कोणी विचारलं? कशाला विचारतील! प्रेमिला रामटेके म्हणजे काय, सत्तावीस वर्षांपासून कन्हानच्या या शाळेत खडू झिजवणारी बाई. कंपास न घेता फळ्यावर वर्तुळ काढते मी. पोट्टे म्हणतात, "मॅडम, पुन्हा एकदा!" आता तो काळा फळा समोरच्या भिंतीवरून उखडून मागच्या भिंतीवर नेला, आणि त्याच्या जागी हे पांढरं धूड. यावर म्हणे बोटानं लिहायचं.

बोर्ड दिला नत्थूजींनी. आमच्याच शाळेत शिकले, आता बुटीबोरीत त्यांचा कापडाचा कारखाना आहे. भाषणात म्हणाले, "गणिताची जिथं सगळ्यात जास्त बोंब आहे, तिथंच लावा." सगळ्यांनी नववी 'ब'कडे पाहिलं. माझे पोट्टे आपले दात काढून हसून राहिले.

पुढं काय म्हणाले तेही लिहून ठेवते. १२ सप्टेंबरला ते येऊन माझ्या तासाला बसणार. बोर्ड वापरात दिसला तर दर वर्गाला एक एक देणार. धूळ खात दिसला तर हा उचलून आपल्याच संस्थेच्या सीताबर्डीच्या शाळेत नेणार. न्या बाप्पा, आजच न्या, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

देवाजी मात्र खूश. आमचे शिपाई. घरच्या झेंडूचा हार करून आणला आणि बोर्डाच्या वर, डाव्या बाजूला खिळा ठोकून त्यावर लटकवला. लांबलचक, बोर्डाच्या पार अर्ध्यापर्यंत. सत्तावीस वर्षांत माझ्या फळ्याला कोणी साधं एक फूल वाहिलं नाही. नाही म्हणजे, मला काही त्याचं वाईट वाटलं नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. मजा आली.

बोर्डात आलेखाचा कागद निघतो. एक बोट लावलं की चौकटी, दोन्ही अक्ष, आकडे, सगळं तयार. फळ्यावर हेच आखायला माझी वीस मिनिटं जातात आणि तोवर मागच्या बाकांवर झोप लागते. निर्देशक भूमिती खरं तर दुसऱ्या सत्रात आहे, पण मी आजच काढली.

प्रशिक पाचवीपासून एकदाही स्वतःहून उठलेला नाही. आज पळत आला, तीन कॉमा चार हा बिंदू चार कॉमा तीनवर ठेवला. चुकला. बोटानं पुसला, पुन्हा ठेवला. "मॅडम, हे तं कोणाले समजतच नाही मी चुकलो होतो म्हणून!" म्हणाला. म्हणजे इतकी वर्षं हा पोरगा खडूच्या पुसट डागाला भीत होता की काय?

देवाजींनी हार बदलला. दर सोमवारी ताजा घालणार आहेत.

२० ऑगस्ट, बुधवार

बोर्डाला काहीतरी झालंय. पोट्टे उजवीकडं बिंदू ठेवतात, तर डावीकडं आपोआप दुसरा उमटतो. रेघ ओढायला जावं तर ती सटकन डावीकडं पळते. प्रशिक ओरडला, "भूत! मॅडम, भूत!" आणि मग काय, वर्गाला निमित्तच पाहिजे होतं. उकाडा इतका की पंखा पाचवर फिरून राहिला होता, तरी मला घाम फुटला.

मुख्याध्यापक शोभाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "प्रेमिलाताई, तुम्ही जोरानं तं नाही दाबत ना?" जशी काही मी पोळ्याच लाटून राहिली आहे त्याच्यावर.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. देवाजींनी बोर्डाला आज दुप्पट जाडीचा हार घातला, मधात आंब्याची पानं. मी म्हटलं, "देवाजी, हे काय जी?" तर म्हणाले, "मॅडम, माह्याकडं बैल नाही. मी सजवू कोणाले? हाच माहा नंदी."

हसू आलं आणि भरूनही आलं. हार खरंच सुंदर दिसून राहिला होता.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्ह्या पोळ्याची सुट्टी. यांच्यासोबत नागपूरला मारबत पाहायला गेले. हे कोळसा खाणीतून रिटायर झाल्यापासून गर्दी दिसली की घुसतात. पिवळ्या मारबतीचा अवाढव्य पुतळा पुढं सरकत होता, लोक ओरडत होते, खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज. "नववी ब चं भूत घेऊन जा गे मारबत!" वळून पाहते तर प्रशिक, बापाच्या खांद्यावर हात टाकून. मला पाहिलं आणि गायब.

मीही हळूच म्हणून घेतलं. कोणी ऐकलं नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

मारबतीनं काही नेलं नाही. उलट वाढलं. आज तर पानं आपोआप उलटत होती. चाळीस मिनिटांच्या तासात तीस मिनिटं भुताची.

आणि मला काय झालं ते लिहिते. चिडून मागच्या फळ्याकडे गेले, खडू उचलला, वर्तुळ काढलं. सुरेख आलं. वळून पाहिलं तर सगळे माना वाकड्या करून, पाठीमागं वळून बसलेले, आणि कोणाच्याच तोंडावर "पुन्हा एकदा" नाही. त्यांना बोर्ड पाहिजे. आणि खरं सांगू? मलाही पाहिजे. आठ दिवसांत प्रशिक सोळा वेळा उठला. मी मोजले.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सीताबर्डीहून दुरुस्तीवाला आला. कोवळा मुलगा, पण बोलण्यात ऐट. देवाजींनी पाहुणा येणार म्हणून सकाळीच हार-बिर उतरवून बोर्ड ओल्या फडक्यानं लख्ख पुसला होता.

त्यानं चौकटीवर बोट फिरवून समजावलं, की हिच्या कडेकडेनं डोळ्याला न दिसणारा उजेड सुटतो. मधात बोट आलं की उजेड अडतो आणि बोर्डाला कळतं कुठं लिहिलं ते. मग अर्धा तास रेघा ओढल्या, वर्तुळं काढली. एक भूत निघेल तर शपथ! "मॅडम, बोर्ड एकदम ओके आहे. पोट्टे मस्ती करत असतील. पाहा जरा, समोर कोण बसते ते."

मी त्याच्यासमोर उभीच राहिले, पकडलेल्या चोरासारखी. तो गेल्यावर देवाजींनी हार पुन्हा चढवला, आणि दुपारच्या तासाला भूत हजर. म्हणजे पोट्ट्यांचंच काम. आता माझी खात्री झाली.

१ सप्टेंबर, सोमवार

सापडली!

मधल्या सुट्टीत चष्मा विसरला म्हणून वर्गात गेले, तर दामिनी स्टुलावर चढून बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात हात घालून उभी. पहिल्या बाकावर बसते, अगदी बोर्डाच्या पुढ्यात. बापाचं जळालेल्या मोटरी भरून द्यायचं दुकान आहे, म्हणजे तारा-पेचकसांची सवय घरचीच. हिच्यावर माझा संशय कसा गेला नाही आधी?

"काय करून राहिली वं?"

"मॅडम, मी पाहून राहिली होती, की..."

"पाहून राहिली होती? बोर्ड काय सिनेमा आहे?"

"नाही मॅडम, पंखा..."

"पंख्याचं नाव सांगू नको मले!"

सुट्टी संपल्यावर मी तिला सगळ्यांसमोर झापलं. शेवटच्या बाकावर बसवलं. "आजपासून बोर्डाले हात लावायचा नाही," असं ठणकावलं. तिनं दप्तर उचललं आणि गेली. रडलीही नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

देवाजी ताजा हार घालून गेले होते, त्यांच्यावरही मी उगाच खेकसले की स्टूल वर्गात ठेवत जाऊ नका म्हणून.

२ सप्टेंबर, मंगळवार

भूत आजही आलं. दामिनी शेवटच्या बाकावर, बोर्डापासून पंचवीस फूट लांब.

दुसरं कोणीतरी सामील असणार.

रात्री जेवताना यांना सगळं सांगितलं. हे भाजी वाढून घेत म्हणाले, "खाणीत पंप बंद पडला की नवा साहेब आधी माणसाले धरे, आणि जुना साहेब आधी पंपाले पाहे." मी म्हटलं, "मी पंप पाहिला आहे, दुरुस्तीवाला आणून पाहिला आहे." तर हे म्हणाले, "बरं वं, मी कुठं काय म्हटलं." हे असं म्हणाले की मला झोप येत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. पोट्ट्यांनी पेन दिला, आणि कागदाचं फूल. दामिनीनं कार्डावर सही केली होती, नुसती सही.

ती आता तासाला काहीच करत नाही. वहीवर डोकं घालून ठिपके काढत बसते. मी जवळून गेले की पान झाकते. गणितात या वर्गात हिचंच डोकं चालायचं. बसू दे. तीच हट्टी असेल तर मी काय करू?

मीही हट्टी आहे, असं हे म्हणतात. त्यांना काय माहीत!

८ सप्टेंबर, सोमवार

शोभाताईंनी केबिनमध्ये बोलावलं. "प्रेमिलाताई, शुक्रवारी बोर्ड असाच नाचला तं मी नत्थूजींले काय तोंड दाखवू? तुम्ही त्या दिवशी फळ्यावरच शिकवा. बोर्ड गेला तं गेला. इज्जत तं राहीन."

महिन्यापूर्वी कोणी हे म्हटलं असतं तर मी पेढे वाटले असते. आज मात्र मीच विचारलं, दुसरा काही उपाय नाही का. वर्गात येऊन पोट्ट्यांना सांगितलं. प्रशिकनं विचारलं, "मॅडम, मंग मी पुन्हा नाही उठणार का?" मी म्हटलं, "काहून नाही? फळ्यावर येजो ना." त्यानं नुसती मान हलवली. मला माहीत आहे तो येणार नाही.

देवाजी तेवढ्यात नवा हार घेऊन आले. "शुक्रवारी तं याच्याहून मोठा करतो मॅडम, शेवटचा आहे तं शेवटचा." बिचारे.

१० सप्टेंबर, बुधवार

आज जे झालं ते नीट क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मीच माझ्या सोयीनं बदलून टाकीन.

तास सुरू झाला आणि लाइन गेली. पंखा थांबला. बोर्ड इन्व्हर्टरवर असल्यामुळं चालूच. प्रशिकनं बिंदू ठेवला, भूत नाही. दुसऱ्यानं ठेवला, नाही. बारा पोट्टे येऊन गेले, बोर्ड गाईसारखा गरीब. मी म्हटलं, चला, सुधारला. तेवढ्यात लाइन आली, पंखा गरगरला आणि भूत परत.

मागून आवाज आला. "मॅडम, मी सांगू का?"

दामिनी उभी होती. माझ्या तोंडात "बस खाली" आलंच होतं. कसं काय थांबले कोणास ठाऊक. म्हटलं, "सांग."

ती वही घेऊन पुढं आली. ते ठिपके! आलेखाच्या कागदावर तारखेनुसार मांडलेले. पंखा चालू की बंद. हार ताजा की सुकलेला. भूत किती वेळा आलं, आणि कुठं.

"मॅडम, भुताचा वाय कोणताही असते. आपण ज्या उंचीवर लिहितो, त्याच उंचीवर ते उमटते. पण एक्स पाहा. दरवेळी उणे सात. पंखा जोरात असला तं थोडं इकडं तिकडं, पण उणे सातच्या जवळच. म्हणजे भूत एकाच रेषेत राहते. वाय अक्षाले समांतर." तिनं बोट वर केलं, बोर्डाला न लावता. "त्या रेषेवर काय आहे पाहा ना."

सगळ्या वर्गानं पाहिलं. हार.

"बाबा मोटर पाहतात तं एक एक गोष्ट बंद करून पाहतात. मी पण तसंच केलं. दुरुस्तीवाले दादा आले तेव्हा हार उतरला होता, तं भूत शून्य. बोर्डाले डोळे नाही मॅडम. त्याचा उजेड जिथं अडला, तिथं त्याले बोट वाटते. मंग ते झेंडूचं फूल का असेना. हार हलला की फूल आत टेकते."

मी म्हटलं, "मग काढ तो हार."

ती जागची हलली नाही. "मले बोर्डाले हात लावायची मनाई आहे मॅडम. तुम्हीच काढा."

उद्धटपणे नाही म्हणाली. अगदी साधं म्हणाली, नियम सांगावा तसं. त्यामुळं ते जास्त लागलं.

मी स्टुलावर चढले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, साडी सावरत. हार उतरवला. पंखा पाचवर केला. प्रशिकनं उजवीकडं एक बिंदू ठेवला. एकच उमटला. मग त्यानं भर वर्गात असा नाच केला की मी बघितलंच नाही असं दाखवलं.

पण मला बोलणं भाग होतं. हातात हार, पायाखाली स्टूल. म्हटलं, "दामिनी, मी चुकले. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते." सत्तावीस वर्षांत वर्गासमोर हे पहिल्यांदा म्हणाले. पोट्टे खाली पाहायला लागले, जणू त्यांचीच चूक.

दामिनीनं क्षणभर विचार केला. "तं मी आता पुढं बसू?"

"बस बाई, बस."

दारात देवाजी उभे होते. सगळं ऐकलेलं. "म्हणजे मीच तं भूत निघालो," म्हणाले आणि हार माझ्या हातातून घेऊन गेले. हसत म्हणाले, पण मान खाली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशीचा नंदी मला आठवला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नत्थूजी आले. आणि हातात काय? हार! गुडघ्यापर्यंत लांब, झेंडू-शेवंतीचा. "आधी बोर्डाची पूजा करू, मग तास," म्हणत सरळ बोर्डाकडं निघाले.

"नाही जीऽऽऽ!"

बेचाळीस पोट्टे एका सुरात. शोभाताईंचा हात कपाळावर गेला. नत्थूजी हार उंच धरलेल्या अवस्थेत थिजले.

माझ्या डोक्यात तासाची पूर्ण आखणी होती, सगळी उडाली. मी म्हटलं, "घाला जी, घाला. दामिनी, तू ये. साहेबांना दाखव."

मग जो तास झाला तो मी शिकवलाच नाही. दामिनीनं हार खिळ्यावर अडकवला, पंखा लावला, प्रशिकला लिहायला सांगितलं आणि भूत बोलावलं. "एक्स बरोबर उणे सात," पोट्टे ओरडले. मग ती नत्थूजींना म्हणाली, "आता तुम्ही हातात धरा आणि कुठंही सरकवा, आम्ही आधी सांगतो भूत कुठं येईन." बुटीबोरीचा कारखानदार, कोट घातलेला, हार धरून बोर्डासमोर इकडून तिकडं सरकून राहिला आणि वर्ग ओरडून राहिला. उणे पाच! उणे दोन! मग ते अगदी मधोमध आले. प्रशिक बोर्डाजवळूनच किंचाळला, "शून्य! वाय अक्षच झाला जी!" घंटा झाली तरी कोणी उठेना. नत्थूजीही.

शेवटी त्यांनी विचारलं, "हे शोधलं कोणी?"

शोभाताई काहीतरी सांभाळून सांगायला लागल्या होत्या. मी मध्येच म्हटलं, "दामिनीनं. आणि ती हे शोधत होती तेव्हा मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. त्रास देते म्हणून." शोभाताईंनी डोळे मोठे केले. करू देत.

नत्थूजींनी दामिनीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "मी नववीत असताना मलेही शेवटच्या बाकावर बसवलं होतं. पण मले कोणी परत पुढं नाही बोलावलं." मग शोभाताईंना म्हणाले, "बोर्ड इथंच राहीन. बाकी वर्गांचे दिवाळीनंतर पाठवतो. पण हार नका घालत जाऊ." सगळा वर्ग हसला, आणि दारातले देवाजीही.

आता हार राहिला नत्थूजींच्या हातात. टाकून तर द्यायचा नाही, आणि ठेवायचा कुठं हे त्यांना समजेना. देवाजी पुढं आले, तो घेतला आणि कोणाला काही न विचारता वर्गाच्या मागं चालत गेले. माझ्या काळ्या फळ्यावर जुना खिळा होता. त्यावर त्यांनी हार चढवला, दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि मागं सरकून पाहिलं. "इथं काही अडत नाही," म्हणाले.

मी तिकडं बघत राहिले. नाकात काहीतरी गेल्यासारखं झालं.

"मॅडम, वर्तुळ!" प्रशिक ओरडला. मग सगळेच. "मॅडम, पुन्हा एकदा! पुन्हा एकदा!" बेचाळीस माना मागं वळलेल्या.

गेले. खडू उचलला, हाराखाली वर्तुळ काढलं. टाळ्या पडल्या. नत्थूजींनीही वाजवल्या. पण वर्तुळ एका बाजूनं चेपलं होतं, कारण माझं लक्ष वरच्या हाराकडं होतं, आणि हे मला दिसत होतं.

एकच हात वर झाला. पहिल्या बाकावरून.

"मॅडम, त्रिज्या सगळीकडं सारखी नाही आहे."

"बरोबर आहे वं," मी म्हटलं आणि खडू तिच्या हातात दिला.